गोडे

खानापूरहून नंदगडला जाताना
वळणावर डावीकडं आमचं घर,
रस्त्याकडं पाठ करून बसलेलं.
पाठीला ना खिडकी ना दिवळी,
नुसती लांबरुंद मातीची भिंत.

त्या भिंतीवर न विचारता काय काय येऊन बसायचं.
हात जोडलेले उमेदवार,
दंडाला पीळ आणणारं टॉनिक,
कुणाचं तरी पुण्यस्मरण, गाव तिसरंच.
सकाळी खळ ओली असतानाच
आई खराट्यानं खरवडायची, पुटपुटायची,
"मेल्यांनो, दार काय शोभेला ठेवलंय?"

फकीरप्पा दारातनं आला.
सायकलच्या हँडलला रंगाचे डबे,
चपला उंबऱ्याच्या अलीकडं.
म्हणाला, "अक्का, गोडे कोडतीरेन?"

आई चंदगडाकडची.
तिला ऐकू आलं एवढंच, गोड.
उन्हातनं आलाय, गोड मागतोय,
नाही कसं म्हणायचं?
ती आत गेली, गुळाचा खडा नि तांब्या घेऊन आली.
त्यानं निमूट खाल्ला, पाणी प्याला,
मग भिंतीवर तळहात ठेवला,
जसा गाभण गाईच्या पाठीवर ठेवतात,
आणि पुन्हा म्हणाला, "गोडे."

तेव्हा कुठं दोघं हसली.

मग सौदा.
एका भिंतीवर लिहायचं तर चारींना चुना,
आई म्हणाली,
आणि न्हाणीच्या आडोशालाही.
आडोशावरून अर्धा तास गेला.

तीन दिवस लागले.
निळ्यावर पिवळं, गजधार पंप.
वर पाणी, खाली नीरु,
आणि दोन्हींच्या मधोमध पंपाच्या तोंडातनं एक धार.
मी पाच वर्षांची, डबा धरून उभी.
कन्नडातला 'नी' शाळेच्या आधी तिथं शिकले:
रहाटावरनं उतरलेल्या दोराचं वेटोळं,
टोक सुटून वर गेलेलं.

त्या वर्षांत रात्रीचं डांबर फिरायचं,
कधी या लिपीवर, कधी त्या.
मैलाचा दगड गेला, पोस्टाची पाटी गेली,
दवाखान्याची दोनदा.
आमच्या भिंतीला कुणी हात लावला नाही.
आई म्हणते, पाण्याला कोण डांबर फासणार?
मला वाटतं, वळणापर्यंत येता येता
डबा संपत असेल.

कंडक्टर ओरडायचा, "पंप! पंप कोण हाय?"
आणि आम्ही उतरायचो.
थोरलीच्या लग्नपत्रिकेत पत्ता छापला,
पंपाच्या भिंतीमागे.
पंप काही आम्ही कधी घेतला नाही.
आमचा आड बारमाही.

वीस पावसांनी धार पुसली, मग निळं.
आईनं भिंतीवरचाच नंबर लावायला सांगितला,
शेवटचे दोन आकडे आठवणीनं.
पलीकडं हुबळीची कुणी मुलगी.
"अक्षरं उडाल्यात. माणूस कधी पाठवताय?"
मुलगी म्हणाली, आजी, आता भिंती बंद,
आता जाहिरात थेट फोनवर येते.
"फोनवर येते," आई म्हणाली,
"मग बसमधनं उतरायचं कुठं?"

हल्ली दिवाळीच्या आधी ती स्वतःच ब्रश घेते.
'पाणी' ठीक जमतं.
'नी' दरसाल थोडा बिघडतो,
वेटोळं सुटतं, टोक खाली पडतं.

परवा हुक्केरीचा एक टेम्पोवाला थांबला.
गाडी चालूच ठेवून उतरला,
काही न बोलता तिच्या हातनं ब्रश घेतला,
अक्षर वळवून दिलं.
मग हात पुसत विचारलं,
"पंप चांगला हाय काय हो, अक्का?"

आई म्हणाली, "काय की.
थांब, गूळ आणते."