चीम

बाणेरला अकराव्या मजल्यावर, खिडकीत पाषाणची टेकडी.
नामबाई जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरतात.
निवृत्ती कोंढाळकर, कंपनीच्या गाडीवरचा ड्रायव्हर,
चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मान आखडलेला,
उलट्या खुर्चीवर बसलाय, शर्ट काढून, अवघडून.
मी दुभाषी. माझं काम मधे उभं राहायचं.

चीम म्हणजे सुई, मी सांगते.
चीम म्हणजे थुंकीसुद्धा, ते नाही सांगत.

पहिली सुई गेली. त्याला कळलीही नाही.
नामबाई बोलू लागतात, हात थांबत नाहीत :
जुनी म्हण आहे आमच्यात,
आधी सुई, मग धग, काढा तिसरा.
पण म्हण गरिबांच्या तोंडी.
मोठ्या घरचे विद्वान जिनसेंग उकळत बसायचे,
पोथी उघडून, गुंज इकडे, गुंज तिकडे.
सुई म्हणजे हातकाम,
रक्ताला हात लावणाऱ्याचं.
राण्यांना परपुरुषाने शिवायचं नाही
म्हणून दासींच्या पोरी शिकवून तयार केल्या.
सकाळी नाडी बघायची, टोचायचं,
रात्री त्याच हातांनी मेजवानीत दारू ओतायची.
आमच्या घरात होती अशी एक.
वंशावळीत तिचं नाव नाही.

एवढं सगळं मी सांगते. निवृत्ती हं हं करतो.
सातवी सुई खांद्याच्या खोबणीत.

मग त्या म्हणतात,
एका राजाला गळू झालं,
वैद्याने सुईने फोडलं, रक्त थांबेचना.
राजा गेला.
वैद्याला फास.

"काय म्हणल्या?" निवृत्ती विचारतो.
"हलू नका म्हणाल्या."

वीस मिनिटं.
शेजारच्या फ्लॅटमधून कुकरच्या शिट्ट्या, चार.
नऊ सुया मोजून स्टीलच्या वाटीत पडतात.
तो मान वळवून बघतो, डावीकडे, पार टेकडीपर्यंत,
तेव्हा कुठे मी राजाची गोष्ट सांगते.

बटणं लावता लावता त्याचा हात थांबतो.
"माझा आजा बैलांना डाग द्यायचा," म्हणतो,
"बैल उठला तर खंडोबाची कृपा.
नाय उठला तर आज्याचा हात वाईट."

हे तिकडच्या भाषेत न्यायला मला वेळ लागतो.
बैलापाशी अडते, खंडोबापाशी तर फारच.
नामबाई हसत नाहीत.
वाटीतल्या सुया पुन्हा मोजतात, नऊ,
आणि म्हणतात, कुणाला बोलू नका,
माझ्याकडे परवाना नाही. तिकडेही नव्हता.

हे मात्र मी लगेच सांगते.