चारशे सतरा

बाहेर चव्वेचाळीस, आत बावीस.
अक्कलकोट रोडला वीज गेली
की जनरेटर आधी उंदरांसाठी धडधडतो,
आमचा पंखा त्यानंतर, आठवण राहिली तर.

चारशे सतरा. मादी. डाव्या कानाला दोन खाचा.
तिच्यातलं एक जनुक तिच्या जन्माआधीच काढून घेतलेलं.
आम्ही सगळे यकृताची वाट बघत होतो.
यकृत नितळ निघालं.
गाठ होती मागच्या पायात, नसेच्या वेष्टनात,
चिंचोक्याएवढी.

मेणात बसवली. पाच मायक्रॉनचे काप काढले,
कोमट पाण्यावर सोडले.
सुरकुती पडली तर फुंकर घालायची नाही,
कुंचल्याच्या टोकानं उलगडायची.
गुलाबी दिला, जांभळा दिला,
आणि येमूल मॅडम यायच्या आत
चोरून भिंगाला डोळा लावला.

पेशी चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या.
काही उभ्या, काही त्यांच्यातून आडव्या,
मग सगळ्याच एकीकडे वळलेल्या.
मी मागावरच्या घरातली, मला वीण कळते.
ही वीण होती.
कुणी विणायला सांगितली नव्हती.

"दुर्मिळ आहे गं, फार दुर्मिळ!"
मॅडमच्या आवाजात पेढे होते.
स्लाइड पुण्याला गेली,
उरलेली चारशे सतरा पिवळ्या पिशवीत.

साखर पेठेत नायनांनी माग विकला त्याला सात वर्षं झाली.
जकार्डच्या कार्डांची माळ अजून खिळ्याला आहे.
मी त्यांना सांगितलं:
समजा, एक भोक बुजवलं.
वाटलं, मोराची मान वाकडी येईल.
मान सरळ आली, बिघडली किनार.

नायना बराच वेळ बोटांनी
अंगावरची चादर चाचपत राहिले.
"कार्डाची चूक दर फेरीला येते," म्हणाले.
"एकदाच आली तर नुसतं कार्ड बघू नको.
धागा बघ.
तिला बहीण होती का?"

चारशे अठरा.
त्याच पिंजऱ्यात, तेच कार्ड.
कागदाच्या चिंध्या दातांनी सोलून
तिनं गोल घरटं केलंय, एका माणसापुरतं.
सकाळी तिला उचललं,
मागच्या पायावरून अंगठा फिरवला.
काही लागलं नाही.
पुन्हा फिरवला, उलटा.

खाली ठेवली तशी
ती चिंधीचं अर्धवट टोक शोधायला लागली.