हातोडी, ऐरण, रिकीब

समात्यात, समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत, माझी काचेची खोली.
आत माणूस बसतो, कानांवर गाद्या, हातात बटण.
बाहेर मी.
आवाज सोडते, थेंब थेंब,
आणि वाट बघते.

खोरेन उस्ता आला मंगळवारी.
बावन्न वर्षं काशाच्या झांजा ठोकतोय.
"मला येतं ऐकू. लोकच नीट बोलत नाहीत."
खालचे सूर त्यानं सगळे टिपले.
मग मी वर वर चढत गेले
आणि एका पायरीवर तो मागेच राहिला,
चेहरा तसाच, वाट पाहणारा.
स गेला, श गेला, फ अर्धामुर्धा.
शब्द येतात त्याच्याकडे,
पण बोळकं घेऊन.
"आणि रात्री?"
"रात्री एक झांज वाजते. माझी नव्हे.
इतकी वाईट मी कधी घडवली नाही."

त्याची बहीण अराक्सी. तिचं उलटं.
नादकाटा हवेत धरला: काही नाही.
कानामागच्या हाडावर टेकवला,
तशी दचकली, हसली.
आत सगळं शाबूत आहे, बाई, दार तेवढं गच्च बसलंय.
तीन हाडं असतात कानात: हातोडी, ऐरण, रिकीब.
तुमची रिकीब जागीच थिजलीय.
"हातोडी नि ऐरण? म्हणजे
भावानं तिथंही दुकान थाटलंय!"

स्वतःचा आवाज तिच्या डोक्यात घुमतो,
म्हणून ती कुजबुजते.
तो खेकसतो, "पुटपुटू नकोस!"
वीस वर्षं हेच भांडण,
आणि दोघांचंही खरं.

कारखान्यात मात्र, ठोकठोक ऐन भरात असताना,
तिला छान ऐकू येतं.
गोंगाटात माणसं आवाज चढवतात,
गोंगाट तिच्यापर्यंत पोचतच नाही.
म्हणून दुपारभर ती भट्टीपाशी बसते.

तालिन, उस्ताची नात, सहा वर्षांची.
फॉर्मवर रकाना: ऐकणं कधीपासून गेलं?
जायला ते आलं होतं कुठे?
मी रेघ मारली. मग रेघ खोडली.
रकाना अजून रिकामाच आहे.

शुक्रवारी मी गेले बघायला.
तालिनचा तळवा झांजेखाली, सपाट.
उस्तानं काठावर एक टोला दिला.
तिनं बोट ठेवलं: इथं.
त्याला पटलं नाही. तरी ठोकलं.
पुन्हा तळवा. पुन्हा मान हलली: अजून.

"चहा निवला," अराक्सी म्हणाली, इतकं हळू
की मीसुद्धा अर्धं ओठांवरूनच घेतलं.
उस्ता ठोकत राहिला.
तालिननं झांज सोडली,
आणि पेला उचलून त्याच्या हातात दिला.