साठ रुपयांची कांडी

साखळीच्या सोमवारच्या बाजारात
सुके बांगडे आणि केरसुण्या यांच्या मधोमध
एका पोराने निळ्या ताडपत्रीवर मांडली होती खटरपटर:
पाने, पकडी, नखं कापायची यंत्रं,
आणि ही.
पेनाएवढी. टोकाला तुरीच्या डाळीएवढं चुंबक.
ओढली की लांबते, चांगली हातभर.
शंभर म्हणाला. साठ दिले,
तेही बस सुटत होती म्हणून, घासाघीस अर्धी टाकून.

मुलगी म्हणाली, "आई, हे आठ दिवस टिकलं
तर बिर्याणी माझ्याकडून."
तीन वर्षं झाली.
बिर्याणी अजून यायची आहे.

कारापूर तिस्कावर माझं शिवणाचं दुकान.
बावीस वर्षं मी टाचण्या वेचल्या गुडघ्यांवर बसून,
संध्याकाळी, दिवे लागल्यावर, चिंध्यांत बोटं घालून.
डॉक्टरने तेल लिहून दिलं, पट्टा लिहून दिला,
जिने चढू नका म्हणाला (माझ्याकडे जिना नाही).
कांडीचं नाव त्याच्या कागदावर नव्हतं.
आता खुर्चीतून उठत नाही मी.
टिक, टिकटिक, टिक,
कोपऱ्याकोपऱ्यांतून उड्या मारत येतात,
काही तर मी बोलावलेल्याही नसतात.

गॅरेजवाला बाबलो इंजिनात पडलेल्या नटासाठी घेऊन गेला,
ग्रीस माखून परत दिली.
देवळाच्या समितीने नेली:
फंडपेटीची किल्ली फंडपेटीतच पडली होती.
किल्ली निघाली. नाणीही चार निघाली
ती पुन्हा आत टाकली, सगळ्यांच्या देखत.

मग सुलक्षा आली, ब्लाउजच्या मापाला.
नवरा बोटीवर. मंगळसूत्र नवं, त्यानेच पाठवलेलं.
खांद्यापाशी एक टाचणी निसटली
आणि मी सवयीने कांडी पुढे केली.
टाचणी आली.
तिच्या मागोमाग मंगळसूत्रही जरासं सरकलं
आणि कांडीला धरून राहिलं.

आरशात दोघींनी पाहिलं.
पंखा फिरत होता.
मी म्हटलं, "आकड्यात स्प्रिंग असते गो. पोलादाची."
ती म्हणाली, "मी तरी तेच म्हणते."
खरं तर कोणीच काही म्हटलं नव्हतं.

रात्री मी माझं काढून पाहिलं.
माझाही आकडा चिकटला. वाट्या नाही, फक्त आकडा.
सुलक्षाचं नेमकं काय चिकटलं होतं
ते मला आठवत नाही.
आठवायचं नाही असं ठरवलं आहे.
माप घेताना कांडी खणात असते तेव्हापासून.

आणि परवा आनाक्लेत मेस्त.
खाणीच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं, कानांचं तिथेच वाटोळं झालेलं.
कानातलं यंत्र कपाटामागे पडलं.
कपाट शिसवीचं, चार माणसांना हलायचं नाही.
सून त्याच्या कानाशी ओरडत होती
आणि तो मान डोलवत होता, भलत्याच गोष्टीला.
मी म्हटलं, यंत्र प्लास्टिकचं, लागायचं नाही.
तरी भिंतीच्या फटीतून कांडी सोडली, लांबवली, चाचपली.
यंत्रातली बटणाएवढी बॅटरी लागली!
कोळिष्टकांसकट वर आलं यंत्र,
आणि त्याला बिलगून केसांची एक पिन,
काळी, वाकडी, गंजलेली.
सुनेने तिच्याकडे पाहिलं. तिचे केस आखूड आहेत.

म्हाताऱ्याने यंत्र शर्टाला पुसून कानात घातलं.
पिन शर्टाच्याच खिशात.
खुर्चीवर बसला. बराच वेळ बसला.
आम्ही काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून उभ्या.
भिंतीपलीकडे माझी मुलगी काजं करत होती.
तो म्हणाला,
"तुझं मशीन करकरतं. कधीपासून?
तेल घाल त्याला."

घातलं.