कार्ड नंबर तीनशे बारा

पुण्याहून फोन येतो, दुकानवाल्या बाईंचा:
या स्प्रिंगला फिकट चालणार आहे.
पुदिना, लव्हेंडर, पिठूळ गुलाबी.
कानातलं मोठं हवं, पण वजन नको.
मी हो म्हणते, वहीत लिहून घेते
आणि खिडकीतून बघते
सोलापूरचा वसंत:
होळीची राख निवण्याआधीच पारा अडतीसवर,
डाइंगच्या मागच्या गटारात
आज मोरपिशी वाहतंय, काल राणी होतं.
फिकट असं इथे एकच, कडुलिंबाचा मोहोर,
तोही संध्याकाळी वासानेच कळतो.

माझं वर्कशॉप म्हणजे
दत्त नगरातल्या बंद कारखान्याचा पोटमाळा.
खाली चार माग होते. भंगारात गेले,
किलोच्या भावाने. नान्नांनी पावतीसुद्धा मागितली नाही.
जकार्डच्या कार्डांना मात्र भंगारवाला हात लावेना,
पुठ्ठाच तो, रद्दीहून जड, रद्दीहून स्वस्त.
दोऱ्यांनी ओवलेली ती लांबच लांब माळ
मीच शिंकत शिंकत वर ओढून आणली.
मोराची चादर. सहाशे चाळीस कार्डं.
एका कार्डाला एक आडवा धागा,
इतकंच त्याला ठाऊक.
अख्खा मोर कुणा एकाला ठाऊक नसतो.

कापते. कडा पॉलिश पेपरने घासते,
चपड्याचे दोन हात, पितळेची कडी,
खाली चादरीच्या दशांचा गोंडा.
निकेल वापरत नाही. इथल्या घामात निकेल
दोन दिवसांत कान सुजवतं,
हे ट्रेंडवाले कुठे लिहीत नाहीत.
मागचा बारीक नंबर तसाच ठेवते.
दोनशे सात बाणेरच्या एका वकीलबाईंकडे,
दोनशे आठ होटगी रोडच्या नर्सकडे.
शेजारच्या ओळी आहोत आपण,
हे त्यांना कोण सांगणार?

काल मल्लेशम मामा आले, चिंध्यांचं पोतं घेऊन.
एके काळी या पेठेतल्या निम्म्या चादरींची भोकं
यांच्याच हाताने पडलेली.
टेबलावरचा जोड उचलला, उजेडात धरला,
अम्मा तांदूळ निवडते तसं
भोकांवरून बोट सरकवत गेले.
"मान आहे ही. वळते तिथली."
मग थांबले.
"हे भोक जास्तीचं. माझं चुकलेलं.
त्या रात्री धाकटी झाली, मी डुलक्या खात होतो.
तुझ्या बापाला कळलं होतं.
बोलला नाही कधी."

म्हणजे सतरा वर्षं
प्रत्येक मोराच्या मानेवर एक जास्तीचा ठिपका होता.
रुखवतात गेला असेल, दवाखान्याच्या खाटेवर,
रात्रीच्या एसटीत कुणाच्या पायांवर.
एकही चादर परत आली नाही.

म्हटलं, मामा, न्या की हे, धाकटीला.
"तिला सोन्याचंच लागतं," म्हणत हसले,
पोत्याचे चाळीस रुपये दोनदा मोजले
आणि जिना उतरले.

पाडवा चार दिवसांवर.
मंगळवार पेठेत साखरेच्या गाठी लटकल्यात.
या मोसमातला चालणारा दागिना तोच खरा,
पोरांच्या गळ्यात दुपारपर्यंत टिकतो,
मग मुंग्या आणि पोरं मिळून संपवतात.
मी पुण्याच्या ऑर्डरचे गोंडे
पुदिन्याच्या रंगात बुडवले, दोरीवर टांगले.
लाइटबिल पुदिन्यावरच भरायचंय.

तीनशे बारा मात्र विकायचं नाही.
सकाळी घातलं, स्कूटी काढली.
अशोक चौकाच्या सिग्नलला ऊन आडवं येतं,
आरशात दिसलं:
गालावर ठिपक्यांची एक ओळ पडलीय,
आणि तो एक, जास्तीचा,
जबड्याच्या हाडापाशी.
मागच्या रिक्षाने हॉर्न मारला.
मी वळले,
तसा तो मानेवर घसरला.