सौम्य

डॉक्टर म्हणाले होते, गाठी सौम्य आहेत.
नातेला हसली : चला, माझ्यात एवढं तरी सौम्य आहे.

झेस्ताफोनीच्या बाजारामागे आमची भट्टी.
विहिरीत डोकवावं तशी ती पहाटे
कमरेपर्यंत आत वाकायची,
तापल्या भिंतीवर होडीसारखे लांबट पाव थापायची.
मी ते व्हॅनमधून गावभर पोचवायचो.

ओतियाला सहाव्या महिन्यात झटके आले.
दवाखान्यात अंधार करून त्याच्या पाठीवर निळसर दिवा धरला :
पांढरी पानं. सहा.
मग त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, सहज म्हणून,
दिवा आईच्या पोटरीकडे वळवला.
तीस वर्षं जिला ती भाजल्याची खूण समजत होती
तेही पानच निघालं.

‘आईकडून आलं’ हे वाक्य
तिने एप्रनच्या खिशात ठेवलं. धुतानाही काढलं नाही.

पुढे मूत्रपिंडं तपासली.
चरबी, स्नायू, वेड्यावाकड्या नसा.
कर्करोग नव्हे. फक्त गाठ मोठी झाली
की आतली नस फुगते, फुटूही शकते.
डावीकडची साडेसहा सेंटिमीटर होती.
सुरगाठ ओढली की सुटते,
निरगाठ दातांनाही दाद देत नाही.
ही तिसरीच जात. न ओढता सुटणारी.

फेब्रुवारीत ती भट्टीवर वाकली
आणि सरळ झालीच नाही.
जमिनीवर रक्ताचा थेंब नाही.
घरातलं भांडण घरात ठेवावं, तसं सगळं आतल्या आत.
तोंड पांढरं. पीठच असेल, मला वाटलं.
बाहीने पुसलं.
पुसलं गेलं नाही.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्याच कुठल्या अपघातावर गेलेली.
रिकोतीच्या घाटात बर्फ.
मागे पिठाच्या पोत्यांवर आडवी पडून ती मोजत होती,
पहिला बोगदा, दुसरा, तिसरा...
मग मोजणं थांबलं.
पुढचे आकडे मी ओरडून म्हणत राहिलो,
काही बोगदे दोनदा मोजले.

तिबिलिसीत मांडीतून बारीक नळी घातली,
नस आतूनच बुजवली.
चार पिशव्या रक्त. कुणाचं, कोण जाणे.

आता रोज एक गोळी.
साडेसहाची चार झाली आहे, तोंड येतं, चालायचंच.
भट्टीवर मी वाकतो. माझे पाव वाकडे होतात.
गिऱ्हाईकं काही बोलत नाहीत, ती बोलते.

काल ओतियाला आंघोळ घालताना तिने पाठ मोजली.
सात.
‘सहा होती ना?’ मी म्हटलं.
‘तू नीट बघितलं नव्हतंस,’ ती म्हणाली,
आणि टॉवेल मागितला.