धूप

टेकडीला भोक पडलं की इथे त्याला लावाका म्हणतात.
म्हणजे नुसतं 'भोक'. वाढवून-चढवून काही नाही.
आंबुहिमेनाच्या उतारावर अशी सतरा आहेत,
आणि अठरावं, सगळ्यांत लाल,
रावाओसुलुच्या माहेरच्या थडग्याकडे निघालेलं.

गेल्या वर्षी काठापासून थडग्यापर्यंत
मी बांबूच्या सहा खुंट्या ठोकल्या, दोन-दोन मीटरवर.
आज तीनच उभ्या आहेत.
तिसरी खाली गाळात तिरपी दिसते,
तिच्यावर माझ्याच अक्षरातला आकडा.

काठाशी पालथा पडून मी आत पाहतो.
वरचा हातभर थर विटेसारखा, गवताची मुळं धरून बसलेला.
त्याच्याखाली दहा पुरुष खोल
जे खडकासारखं दिसतं ते खडक नाही.
ग्रॅनाइटच आहे तसा: तेच पट्टे, तेच अभ्रकाचे ठिपके,
गारगोटीची पांढरी शीर जशीच्या तशी, तिरकी.
पण बोट घातलं की पेरभर आत जातं.
पाण्याने त्याला उभ्याउभ्या खाल्लंय,
लाखो पावसाळे, न हलवता, न मोडता,
तोंडवळा तेवढा ठेवून.

झिजणं वेगळं, जाणं वेगळं.
झिजतो तो जागच्या जागी झिजतो, शेजाऱ्यालाही कळत नाही;
मग एखाद्या जानेवारीत वादळ येतं
आणि दुपारच्या जेवणाआधी
अर्धा उतार चालू लागतो.

माझ्या भाषेत ह्या चालू लागण्याला धूप म्हणतात.
देवापुढे जळतो त्यालाही धूपच.
हे रावाओसुलुला सांगितलं तर तिने विचारलं,
"मग वास कसा येतो?"
मी मूठभर माती तिच्या नाकाशी नेली.
हुंगून म्हणाली, "लोखंडाचा."
थोड्या वेळाने, "आणि भाताचा."

भाताचा, कारण खाली दरीत तिचा दीर रांद्रियांजा
ह्याच टेकडीत भात लावतो.
त्याच्या बापाच्या वेळी बारीक गाळ उतरायचा, पीक डोलायचं.
आता नुसती वाळू येते.
दोन खाचरं गुडघाभर वाळूखाली गेली.
तो टेकडीला शिव्या देतो, ती त्याला.
"तुझ्या ताटात माझं माहेर वाढलंय,
आणि तू खडे निवडत बसलायस!"

सतरांतलं सर्वांत जुनं भोक
तिच्या आजीच्या लहानपणीचं. ते आता निवलंय.
कडे कलले, गवत आलं,
तळाशी ओल धरून केळी, दोन आंबे,
भर उन्हातही गारवा; वशिंडाची गुरं तिथे रवंथ करतात.
"पोट भरलं की थांबतं," ती म्हणते.
मी वहीत उताराचा कोन लिहितो.

ऑगस्ट. कोरडी थंडी. आज थडगं हलवायचं.
दगड सरकवला. बासऱ्या, ढोल, पोरांची पळापळ,
आणि रेशमात गुंडाळलेली सात माणसं
एकेक करून खांद्यांवरून उजेडात आली.
सातवा तिचा बाप.
दोघा भाच्यांनी उचलायला हात घातला,
तर कापडाच्या आत काहीतरी सरसरलं.
आकार तोच, खांद्यापासून घोट्यापर्यंत तोच,
पण कण कणापासून सुटलेला.

भाचे थबकले. ढोलही.
रावाओसुलु पुढे झाली, चटई सरकवली,
आणि झोपलेल्या पोराला सांभाळावं तशा आवाजात म्हणाली,
"हळू रे.
झिजलाय तो. अजून गेला नाहीये."

पलीकडच्या टेकडीवर नवी जागा.
दगड बसवून झाल्यावर, सवयीने,
मी खुंटी ठोकायला वाकलो.
तिने माझ्या हातातला हातोडा काढून घेतला.